पेटीतल्या बाळाला गाणं ऐकवावं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतर आईवडिलांनाही संदर्भ लागेल. तुमची मुलगी २९ व्या आठवड्यात जन्मली. आज ती सतरा दिवसांची आहे, म्हणजे ३१ आठवडे पूर्ण झाले. सीपॅप (श्वासाला आधार देणारं यंत्र) निघालंय, नाकातून थोडा ऑक्सिजन चालू आहे, दूध नळीनं जातंय. घरच्या कुणीतरी 'बाळाच्या मेंदूसाठी संगीत' फोनवर पाठवलं आणि ते पेटीत, म्हणजे इनक्युबेटरमध्ये, लावून ठेवा म्हणून सांगितलं. याचा उपयोग होतो का, म्युझिक थेरपी म्हणतात ती हीच का, आणि बाळाला हात लावायचीच भीती वाटणाऱ्या आईनं गावं तरी कसं, असं तुम्ही विचारलंय. शेवटी लिहिलंय, "आम्हा दोघांनाही गाता येत नाही."

मी बरीच वर्षं नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात संगीतोपचार करते. सरळ उत्तर असं: फोन पेटीत ठेवू नका. तुमचा आणि तिच्या आईचा आवाज मात्र तिला मिळू द्या, डॉक्टरांना आणि सिस्टरना विचारून, अगदी थोडा थोडा. गाता न येण्यानं काही अडत नाही.

आधी फोनचं. पेटी म्हणजे कडक प्लास्टिकचा बंद डबा. छोट्या स्पीकरचा आवाज त्यात भिंतींवर आपटून घुमतो, आणि आत तो किती मोठा झालाय याचा बाहेर उभ्या माणसाला अंदाज येत नाही. फोनमधून खर्जातले स्वर जवळजवळ निघतच नाहीत, वरचे किणकिणते तेवढे निघतात. नेमके हेच आवाज तुमच्या मुलीच्या कानांना सगळ्यात परके आहेत. शिवाय फोन दिवसभर सगळीकडे फिरलेला असतो, त्याच्यावरचे जंतू पेटीत नेणं हा वेगळाच धोका. आणि मुख्य म्हणजे फोनला बाळ दिसत नाही. बाळ दमलं, त्यानं तोंड फिरवलं, तरी गाणं आपलं चालूच.

पोटातल्या बाळाला साधारण २५ व्या आठवड्यापासून ऐकू यायला लागतं. पण ते आपल्यासारखं हवेतून नाही. आवाज पाण्यातून, स्नायूंतून, आईच्या हाडांतून जातो. वरच्या पट्टीतले तीक्ष्ण आवाज वाटेतच गळतात, खालचे घुमणारे पोचतात: आईच्या हृदयाचे ठोके, रक्ताची सूं-सूं, पोटातली गुरगुर आणि या सगळ्यांवर ठळक असा तिचा आवाज. शब्द कळत नाहीत, पण बोलण्याची चाल आणि चढउतार ओळखीचे होतात. १९८० मध्ये डीकॅस्पर आणि फायफर यांनी एक सुंदर प्रयोग केला होता. जन्मून काही दिवसच झालेल्या बाळांना चोखणी दिली आणि चोखण्याची लय बदलली की आईचा किंवा दुसऱ्या बाईचा आवाज लागेल अशी सोय केली. बाळांनी चोखण्याची लय बदलून आईचा आवाज मिळवला. ती पूर्ण दिवसांची बाळं होती, पण ओळख पोटातच होत असावी, असा त्यातून अंदाज आला. तुमच्या मुलीची ही ओळख अर्धवट राहिली. ती पुन्हा जोडून देणं एवढंच आपलं काम, आणि त्यासाठी लागणारी वस्तू तिच्या आईच्या गळ्यात आहे.

आता ती ज्या जागेत आहे तिथल्या आवाजांबद्दल. नवजात विभागात आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनं १९९७ मध्येच सांगून ठेवलंय. आपलं समोरासमोरचं साधं बोलणं ६० च्या आसपास असतं. त्यामुळे ही मर्यादा दिवसातून कितीतरी वेळा ओलांडली जाते. अलार्म, फोन, कचऱ्याच्या डब्याचं झाकण, ड्यूटी बदलतानाची बोलणी. मी एकदा रिकाम्या पेटीच्या खिडकीला कान लावला आणि सहकारी बाईंना वरच्या छपरावर पेन ठेवायला सांगितलं. बाहेर नुसतं टक वाजलं, आत कुणीतरी दारावर थाप मारल्यासारखं वाटलं. तेव्हापासून मी पेटीवर वहीसुद्धा ठेवत नाही. तुम्हीही ठेवू नका. खिडकीची कडी दोन्ही हातांनी धरून सावकाश लावा, काचेवर बोटानं टकटक करून बाळाला हाक मारू नका, पेटीजवळ फोन सायलेंट ठेवा. म्युझिक थेरपीची पहिली पायरी हीच आहे. नको असलेला आवाज कमी झाल्याशिवाय हवा असलेला आवाज पोचत नाही.

म्युझिक थेरपी म्हणजे संगीत लावून ठेवणं नव्हे. यात शिकलेला उपचारक बाळाचा श्वास, रंग, हातापायांची हालचाल आणि झोपजागेची अवस्था पाहून त्या क्षणाला आवाज देतो, कमी करतो, थांबवतो. न्यूयॉर्कच्या जोआन लोवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ११ अतिदक्षता विभागांतली २७२ बाळं होती, सगळी ३२ आठवड्यांच्या पुढची. तीन गोष्टी करून पाहिल्या. एक, बारीक धातूच्या मण्यांनी भरलेली चपटी डफासारखी तबकडी हळूहळू कलती करून बाळाच्या श्वासाबरोबर पोटातल्यासारखी सूं-सूं काढणं. दोन, लाकडी पेटीवर बोटांनी हृदयाच्या ठोक्यासारखा ताल. तीन, आईवडिलांनी स्वतः निवडलेलं घरचं गाणं, अंगाईच्या चालीत संथ करून गायलेलं. गाणं आणि ताल चालू असताना बाळांच्या हृदयाचे ठोके संथ झाले, सूं-सूंनंतर झोपेत फरक दिसला, आणि आईवडिलांच्या गाण्याच्या वेळी चोखणं आणि पोटात जाणारं दूध वाढलं. आईवडिलांना जाणवणारा ताणही उतरला.

दुसरा अभ्यास जिनिव्हाचा, २०१९ चा. अँड्रियास वोलनवाइडर या संगीतकारानं खास अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी छोट्या रचना केल्या, आणि घंटा, हार्प व गारुड्याची पुंगी यांत बाळांनी सगळ्यात जास्त प्रतिसाद दिला तो पुंगीला. आपल्याकडचे लोक हे ऐकून लगेच पुंगीचं रेकॉर्डिंग शोधायला लागतात, म्हणून सांगते: ते संगीत जेमतेम आठ मिनिटांचं होतं, मोजून ठेवलेल्या आवाजात कानावरच्या छोट्या हेडफोनमधून दिलेलं, आणि बाळ उठतंय, जागं आहे की झोपेला आलंय ते बघून निवडलेलं. पुढे एमआरआयमध्ये या बाळांच्या मेंदूतल्या काही जाळ्यांची जोडणी संगीत न ऐकलेल्या बाळांपेक्षा चांगली दिसली. मोठेपणी त्याचा किती फायदा होतो हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण तुम्हाला कुणी खोटी आशा लावलेली मला चालणार नाही. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं २०२३ मध्ये अशा २५ चाचण्या एकत्र तपासल्या. हृदयाचे ठोके संथ होतात हे दिसलं, पण सॅच्युरेशनमध्ये, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या प्रमाणात, फरक दिसला नाही. त्याच वर्षी लाँगस्टेप नावाच्या चाचणीचा निकाल आला. अर्जेंटिना, कोलंबिया, इस्रायल, नॉर्वे आणि पोलंड या पाच देशांतली दोनशेहून जास्त कुटुंबं, आईवडिलांनी बाळासाठी गायचं, सोबत संगीतोपचारकाची मदत. सहा महिन्यांनी आई आणि बाळातल्या जवळिकीत, संगीत न मिळालेल्या गटाच्या तुलनेत लक्षणीय फरक आढळला नाही. मी तो निकाल वाचला तेव्हा वाईट वाटलं. पण त्या चाचणीतल्या बहुतेक आयांची जवळीक मुळात चांगलीच होती, त्यामुळे सुधारायला जागा थोडी होती. याआधी २०१६ च्या एका मोठ्या आढाव्यात दोन गोष्टींवर स्पष्ट परिणाम दिसला होता: बाळाच्या श्वासाचा वेग उतरणं आणि आईची चिंता कमी होणं. माझा रोजचा अनुभव याच्याशी जुळतो. गाण्यानं वजन झपाट्यानं वाढत नाही, फुप्फुसं लवकर पिकत नाहीत, बुद्धी तल्लख होत नाही. बाळाला थोडा वेळ स्वस्थता मिळते आणि आईला 'मी हिची आई आहे' हे पुन्हा वाटायला लागतं. मला हे फार मोठं वाटतं.

माझी एक चूक सांगते, कारण त्यातूनच मी हे काम शिकले. अगदी सुरुवातीला एका तीस आठवड्यांच्या बाळापाशी बसून मी एक गोड गाणं पूर्ण गायले. आवाज हळू होता, सुरात होता. दुसऱ्या कडव्याला बाळानं एक हात वर केला, पाचही बोटं ताणून पंजा पसरला. मला वाटलं, किती छान, ऐकतंय. मग उचकी लागली. मी गातच राहिले. कपाळावर आठी आली, ओठांभोवती रंग फिकट झाला आणि अलार्म वाजला, सॅच्युरेशन ९४ वरून ८२ वर. सिस्टर धावत आल्या, एक तळवा डोक्यावर आणि एक पावलांवर ठेवून त्यांनी बाळाला गोळा करून धरलं. मिनिटभरात आकडा वर आला. नंतर त्या मला म्हणाल्या, "ती केव्हाची हात दाखवून थांबा म्हणत होती, तुम्ही बघितलं नाहीत." त्या दिवसापासून मी गाण्यापेक्षा बोटांकडे जास्त बघते.

तर तुम्हीही आधी बघायला शिका. पसरलेली बोटं, वर आलेला पंजा, उचकी, शिंक, एकामागून एक जांभया, कपाळावर आठी, पाठीची कमान, नजर फिरवणं, त्वचेवर चट्टे उमटल्यासारखा रंग: या सगळ्याचा अर्थ 'पुरे'. लगेच थांबा, नुसता हात ठेवून राहा. उलट हात तोंडाजवळ जाणं, मूठ सैल मिटणं, भुवया मोकळ्या होणं, ओठांची चोखल्यासारखी हालचाल, श्वास एकसारखा होणं, क्षणभर डोळे उघडून स्थिर बघणं, हे 'चालू दे' म्हणणं. एका वेळी एकच गोष्ट द्या. गाताना थोपटू नका, थोपटताना डोळ्यांत बघू नका. ३१ आठवड्यांच्या मेंदूला एका वेळी एवढंच झेपतं.

आता तिच्या आईबद्दल. तुम्ही लिहिलंय की ती पेटीपासून दोन पावलं लांब उभी राहते, हात मागे बांधून. अशा आया मी पुष्कळ पाहिल्यात आणि त्यांच्यातल्या कुणालाही बाळाचा कंटाळा नव्हता. आपल्या हातून काही होईल याची धास्ती होती, आणि आपल्या शरीरानंच दगा दिला ही बोच. अशा वेळी 'गा ना बाळासाठी' हा आणखी एक बोजाच होतो. एका आईला मी पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं की बाळाचं पोट बघा, वर येतंय, खाली जातंय. तिची नजर सारखी मॉनिटरकडे जायची. मी म्हटलं, "मॉनिटर सिस्टर बघतायत, तुम्ही भुवया बघा." दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं, श्वास सोडताना तोंड मिटून नुसतं 'हं' म्हणा. तिला ते जमेना, गळा भरून यायचा. मी शेजारी बसून खर्जात 'हं' धरून ठेवला. तिसऱ्या दिवशी, मी न सांगता, तिच्याकडून दोनच स्वर निघाले, वरून खाली, पुन्हा वरून खाली. बाळाची मूठ नळीच्या कडेवर होती, ती सैल झाली. ती आई रडायला लागली आणि रडतारडता तेच दोन स्वर म्हणत राहिली. मी थांबवलं नाही. रडू आलं तर येऊ द्यावं. फक्त हुंदका मोठा झाला तर क्षणभर मागे सरावं, इतकंच.

'गाता येत नाही' याचं उत्तर त्या दोन स्वरांतच आलं. तरी थोडं तपशिलात सांगते. कुजबुजू नका. कुजबुजण्यात 'स', 'श' यांचा सीत्कार जास्त, घुमारा काहीच नाही. तोंड मिटून 'म्' किंवा 'ऊं' वर गुणगुणणं सगळ्यात सोपं आणि बाळाला सगळ्यात सोसणारं. तुमच्या बोलण्याची जी पट्टी आहे तिच्यापेक्षा किंचित खाली सुरू करा. चार-पाच स्वरांच्या बाहेर जाऊ नका, तान नको, मुरकी नको, एकदम चढणं नको. एक ओळ झाली की तेवढाच वेळ गप्प राहा. त्या गप्प राहण्यात बाळ श्वास घेतं आणि आपण त्याला बघतो. नवशिके लोक हीच जागा भरून काढतात, आणि तिथेच गडबड होते.

गाणं कुठलं, हे मी कधी सांगत नाही. तुम्हा दोघांच्या आयुष्यात जे असेल ते. अंगाईच हवी असं नाही. एका बाबांनी प्रवासात नेहमी म्हणायचं ठेक्यातलं गाणं निवडलं होतं. आम्ही त्याची लय निम्म्यानं उतरवली, ताल काढून टाकला, शब्दांच्या जागी गुणगुणणं ठेवलं. उरली ती अंगाईच. तुमचा पुरुषी खर्ज तुमच्या मुलीला छान सोसेल. फक्त शीळ घालू नका, ती फार वरची. आणि गाणं ठरलं की बदलू नका. रोज तेच. तिला नवीन काही नको आहे, ओळखीचं हवं आहे.

गाण्यासाठी सगळ्यात चांगली जागा पेटी नाही, आईची छाती. कांगारू केअर, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवणं, सुरू झालंय का ते तुम्ही लिहिलं नाहीत. झालं नसेल तर उद्याच डॉक्टरांना विचारा. १९७८ मध्ये बोगोटाच्या डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून बाळांना आईच्या उघड्या छातीवर ठेवायला सुरुवात केली. आज जागतिक आरोग्य संघटना अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, दिवसाचे ८ ते २४ तास, असं ठेवायला सांगते. छातीवर असताना गुणगुणलं की आवाज हाडांतून थेट बाळापर्यंत कंपनासारखा जातो, जवळजवळ पोटातल्यासारखा. इस्रायलमधल्या एका अभ्यासात कांगारू केअर आणि आईचं गाणं एकत्र दिल्यावर बाळाची स्थिरता वाढली आणि आईची चिंता कमी झाली. बाळ छातीवर घेतल्यावर पहिली दहा मिनिटं काही म्हणू नका, त्या हालचालीनंच ते दमलेलं असतं. मग दोन-तीन मिनिटं गुणगुणा. ३१ आठवड्यांना एवढं पुरे. ३४ च्या पुढे बाळ मागेल तसं वाढवा.

केव्हा गाऊ नये, हेही ऐकून ठेवा. गाढ झोपेत असेल तर कधीच नाही, मेंदूच्या वाढीसाठी झोप लागते. डोळ्यांची तपासणी, रक्त काढणं, शस्त्रक्रिया अशा त्रासानंतर बाळाला आधी शांतता द्या, डॉक्टर-सिस्टर म्हणतील तेव्हा आवाज. सर्दी-खोकला असेल तर घरीच थांबा. आणि तुम्ही स्वतः फार चिडलेले, घाबरलेले असाल तर नुसता हात ठेवून बसा, आवाजातला ताण तिला कळतो.

पुढच्या काही आठवड्यांत दूध तोंडानं सुरू होईल. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमाराला बसतो. फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीच्या जेन स्टँडली यांनी यासाठी एक चोखणी तयार केली: बाळानं नीट चोखलं की काही सेकंद अंगाई वाजते, थांबलं की बंद. बाळं चटकन शिकतात. तुमच्याकडे ते यंत्र नसलं तरी चालेल. नळीनं दूध जात असताना ती बोट किंवा चोखणी चोखत असेल तर तिच्या चोखण्याच्या झोतांबरोबर गुणगुणा, ती थांबली की थांबा. प्रत्यक्ष दूध पिताना मात्र गप्प. गिळताना तिला सगळं लक्ष तिकडेच लावायचं असतं.

गाण्याशिवाय बोलणंही तितकंच मोलाचं. २०११ च्या एका अभ्यासात बाळांच्या अंगावरच्या छोट्या रेकॉर्डरनं दिसलं की ३२ व्या आठवड्यातली बाळंसुद्धा आवाज काढतात, आणि आईवडील बोलत असताना जास्त काढतात. तेव्हा आल्यावर तिला नावानं हाक मारा, 'बाबा आलेत' म्हणा, निघताना 'जातो' म्हणा. रोज त्याच शब्दांत.

उद्या दोघं जाल तेव्हा आईला काही शिकवू नका. खुर्ची पेटीच्या बाजूला, मॉनिटरकडे पाठ येईल अशी लावा. खिडकी उघडायला सिस्टरना विचारा. तुमचा हात निर्जंतुक करून तिच्या डोक्याशी ठेवा, दाब न देता, आणि तुम्हीच श्वास सोडताना 'हं' म्हणा. आईनं नुसतं पोट बघत बसलं तरी चालेल. पहिल्या दिवशी एवढंच करा, आणि मुलीनं बोटं पसरली तर तेवढंही नको. तिथून सुट्टी मिळायच्या आधी कानांची तपासणी झाली का हे आवर्जून विचारा, अपुऱ्या दिवसांच्या बाळांची ती व्हायलाच हवी. आणि घरी गेल्यावर पहिल्या एकदोन रात्री ती कदाचित बेचैन होईल, कारण अलार्मच्या गजबजाटातून ती एकदम शांततेत आलेली असेल. तेव्हा तिला छातीवर घेऊन, पेटीपाशी रोज म्हणायचात तेच दोन स्वर म्हणा.